परमुलखातला पेला

माणूस आपल्या गावात कसा वागतो, यावरून त्याची परीक्षा होते असे आपण म्हणतो. पण गावात चार ओळखीचे डोळे पहाऱ्याला असतात. वडीलधारे असतात, भाऊबंद असतात, पाणवठ्यावरची कुजबूज असते. खरी परीक्षा होते ती हा पहारा उठल्यावर, परमुलखात. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, अशी माणसाची समजूत असते. इतिहास मात्र सांगतो की परमुलखात माणसाला नावाने कोणी ओळखत नसले, तरी त्याच्या जातकुळीने सारेच ओळखतात. एकाने ताल सोडला की लोक ‘अमुक मनुष्य प्यायला’ असे म्हणत नाहीत; ‘ते लोक पितात’ असे म्हणतात.

श्रोतेहो, आपल्या किनाऱ्यावर आणि आपल्या पुण्यात आलेल्या इंग्रजांच्या पेल्याची हकिकत आज सांगायची आहे. दारू चांगली की वाईट, हा वाद मी येथे मांडत नाही. परक्या शहरात पाहुण्याने पेला कुठे उचलावा आणि यजमानाने त्याला किती मोकळीक द्यावी, एवढाच प्रश्न आहे. तो दिसतो लहान. पण राज्यांच्या अब्रूशी त्याचा संबंध आलेला आहे.

सुरतेपासून आरंभ करू. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला. मोठा मानी गृहस्थ. आपल्या माणसांची झडती घ्यायची नाही, आपला दर्जा राखला गेलाच पाहिजे, यावरून बंदरावरच त्याची सुभेदाराशी जुंपली. पुढे त्याच्या पदरी पाद्री म्हणून राहिलेल्या एडवर्ड टेरीने या दिवसांतली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. वकिलाच्या स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी आर्मेनियन व्यापाऱ्याकडची दारू सापडली. ती पोटभर पिऊन स्वारी झोकांड्या खात रस्त्याने निघाली. समोरून सुभेदाराचा भाऊ आपल्या लवाजम्यासह येत होता. स्वयंपाक्याने त्याला पाखंडी कुत्रा म्हणून हाक मारली. त्या भल्या गृहस्थाला इंग्रजी कळेना. त्याने शांतपणे, हा काय म्हणतो, एवढेच विचारले. शिपायांनी स्वयंपाक्याला धरून कोठडीत टाकले.

आता पुढचा भाग पाहा. झडतीच्या क्षुल्लक बाबीवरून भांडणारा हा वकील आपल्या माणसासाठी भांडेल, असे कोणालाही वाटले असते. पण रोने निरोप पाठवला की, बेशिस्त माणसाला पाठीशी घालण्यासाठी मी या देशात आलेलो नाही. तुम्हांला योग्य वाटेल ते करा. आणि सुभेदाराच्या भावाने काय केले? केसालाही धक्का न लावता त्या माणसाला परत पाठवून दिले! त्या दिवशी पाखंडी कोण ठरला, असा प्रश्न टेरीने आपल्याच धर्मबांधवांना विचारला आहे. ख्रिस्ती लोक फार पितात, मारहाण करतात, शिवीगाळ करतात, म्हणून त्यांचा धर्मच सैतानाचा असावा, असे इथले लोक बोलतात, हेही त्याने खाली मान घालून नमूद केले आहे. खलाशाच्या पेल्याचा हिशेब धर्माच्या खात्यावर मांडला गेला, तो असा.

याचा अर्थ यजमान सोवळे होते असा मात्र नाही. खुद्द जहांगीर बादशहा अट्टल पिणारा. १६१६ साली आपल्या वाढदिवसाला त्याने रत्नजडित सोन्याच्या पेल्यातून रोला मद्य पाजले. ते इतके जहाल होते की वकिलाला शिंक आली, आणि बादशहा खदखदून हसला. पेलाही त्यालाच बक्षीस मिळाला. पण त्याच बादशहाच्या खासगी बैठकीत शिरताना द्वारपाल माणसाच्या तोंडाचा वास घेत आणि प्यायलेल्याला आत सोडत नसत, असे रोच लिहितो. याला कोणी ढोंग म्हणेल. पण ढोंगातही एक मर्यादा कबूल केलेली असते. बादशहाने पाजले तर तो मान. स्वतः पिऊन दरबारात आलात तर तो अपमान. पदार्थ तोच, जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

आणि ही माणसे इतकी पीत तरी का? घरापासून सहा-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास. पत्राला उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष. बायकामुले मागे राहिलेली. हवा सोसत नसे आणि कडक दारूने ताप दूर राहतो अशी समजूत होती. १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत उतरला होता. शुक्रवारी प्रार्थना आटोपल्यावर वखारीतली लग्नाची माणसे एकत्र बसत आणि मायदेशी राहिलेल्या आपल्या बायकांच्या नावाने पेला उचलत, असे तो सांगतो. या चित्रात विनोद आहे, तसे कारुण्यही आहे. शिवाय शिस्त आहे. ठरलेला दिवस, ठरलेली मंडळी आणि चार भिंतींच्या आतली बैठक. हा पेला सुरतेच्या बाजारात कोणाला दिसला नाही, म्हणून त्याने कोणाचे नाक कापले नाही.

पण एकटेपणाचा हा घोट जिवावरही बेते. टॉमस कोर्याट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज हलबपासून अजमेरपर्यंत पायी चालत आला होता. वाळवंट, चोर, भूक यांपैकी कशानेही तो मेला नाही. १६१७ च्या डिसेंबरात तो आजारी स्थितीत सुरतेला पोचला, देशबंधूंनी मोठ्या मायेने त्याला स्पॅनिश मद्य पाजले, आणि त्यातच त्याचा अंत झाला.

सुरतेकडून आता मराठी मुलखात येऊ. कंपनीला मुंबई मिळाली १६६८ साली. डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये मुंबईत आला. गोव्याच्या नेरूळची ताडामाडाची दारू नामांकित, आणि तिच्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ नावाचे पेय बनवतात, असे त्याने लिहिले आहे. दारू, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी अशा पाच जिनसांचे म्हणून ते पंच. आपल्याकडे पंचामृत देवाला, पंचगव्य शुद्धीला. इंग्रजाने आपल्याच पाचाच्या आकड्यातून हे तिसरे तीर्थ काढले! मुंबईत त्याची आहुती मोठी पडली. दोन पावसाळे हे तिथल्या माणसाचे आयुष्य, अशी म्हण तेव्हा इंग्रजांतच रूढ होती. पाद्री ओव्हिंग्टनने ती १६९० च्या सुमारास ऐकली. त्याने हवेला दोष दिला तसा आपल्या लोकांच्या राहणीलाही दिला.

यजमानाची नजर किती बारीक असते, याचे एक उदाहरण रायगडचे आहे. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन वकील म्हणून गेला. त्याच्या मंडळींना मांस पुरवणारा एक म्हातारा खाटीक होता. वर्षानुवर्षांत खपले नसेल इतके मांस महिन्याभरात खपले, तेव्हा हे खाणारे आहेत तरी कसे, हे पाहायला तो म्हातारा मुद्दाम गड चढून वर आला! फ्रायरने ही गोष्ट हसत सांगितली आहे. तहाची कलमे बोलणारे वकील आपण मोठे राजकारण करीत आहोत अशा समजुतीत होते, आणि गडाखाली त्यांच्या ताटाची चर्चा चालू होती. पाहुण्याचे ताट आणि पाहुण्याचा पेला गावाला आधी दिसतो. त्याची विद्या फार उशिरा दिसते.

आता पुण्याकडे वळू. उत्तर पेशवाईत पुण्यात दारू गाळण्याला व विकण्याला बंदी होती. ब्राह्मण प्यायलेला सापडला तर बेड्या घालून किल्ल्यावर रवाना होई. पेशव्यांच्या रोजनिशीच्या आधारे न्यायमूर्ती रानड्यांनी हे दाखवून दिले आहे. पण या बंदीला एक खिडकी होती. सरकारच्या तोफखान्यात पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्ती गोलंदाज चाकरीला होते. दारूवाचून आपले चालत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि सरकारने त्यांना स्वतःपुरती गाळण्याची मुभा दिली. मराठीत तोफेत भरायची तीही दारू आणि पेल्यात ओतायची तीही दारू. एकीसाठी दुसरी सोसावी लागली, इतकेच! विनोद बाजूला ठेवून पाहिले तर यात शहाणपण दिसेल. परक्याची सवय परक्यापुरती मान्य केली. तिचा बाजार मांडू दिला नाही.

इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यास आला. त्याला जागा मिळाली ती पेठांमध्ये नव्हे, गावाबाहेर मुळा-मुठेच्या संगमावर. ही गोष्ट आपल्या तालुक्याला जवळची वाटावी, कारण ती मुळा आपल्या मुळशीच्या डोंगरांतून निघते आणि तिथवर जाते. दरबारात जाताना मॅलेटची मंडळी पुण्याचा रिवाज पाळीत. १७९० च्या तहाच्या प्रसंगाचे टॉमस डॅनियलने रंगवलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात सवाई माधवरावांसमोर इंग्रज मंडळी खुर्चीवाचून, बैठकीवर बसलेली आहेत. संगमावर टेबल-खुर्ची आणि त्यांचे सारे खाणेपिणे, शनिवारवाड्यात बैठक, अशी ही विभागणी होती. ती परस्परांच्या सोयीची होती आणि तीत दोघांचाही मान राहत होता.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली, आणि वर्षाच्या आत पेशवाई संपली. पाहुणा आता मालक झाला. शहराशेजारी लष्कर वसले. गोऱ्या शिपायाला दारू रोजच्या शिध्यातच मिळे. तिचे दुष्परिणाम इतके झाले की अखेर १८८८ साली खुद्द इंग्रजी सैन्याला मद्यपाननियमनाची संस्था काढावी लागली. पण शहराच्या दृष्टीने मोठा बदल निराळाच होता. पेशव्यांनी जिची फक्त खिडकी ठेवली होती, तिचा अबकारी खात्याने राजरस्ता केला. १८७८ च्या कायद्याने दारू हे सरकारी उत्पन्नाचे साधन म्हणून पक्के झाले. परक्याची सवय परक्यापुरती राहिली नाही. उलट ती साहेबाच्या सुधारणेचा भाग म्हणून आपल्या शिकलेल्या तरुणांनी उचलली. साहेबाची शिस्त, त्याचा अभ्यास, वेळ पाळण्याची सवय या गोष्टी अवघड. पेला उचलायला मात्र एक हात पुरे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या आर्यमदिरामंडळाची थट्टा याच उसन्या सुधारणेची आहे. त्याआधी १९०८ साली लोकमान्यांच्या प्रेरणेने पुण्यातल्या दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले, तेही याच राजरस्त्याविरुद्ध.

स्वातंत्र्यानंतर गंमत अशी झाली की जुनी खिडकी पुन्हा उघडली. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि परदेशी पाहुण्यांसाठी परवान्यांची सोय ठेवली. हा भेदभाव नव्हे काय, असा वाद १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; न्यायालयाने पाहुण्यांची ही सवलत ग्राह्य धरली. पेशव्यांचे गोलंदाज आणि आमचे परवानाधारक परदेशी यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर; विचार मात्र एकच. पुढे बंदी सैल झाली, परवाने सर्वांना खुले झाले. तरी तो कायदा नाव बदलून आजही आहे, आणि सार्वजनिक जागी प्यायलेल्या अवस्थेत दंगा करणे हा त्यात आजही स्वतंत्र गुन्हा आहे. घरातला पेला आणि रस्त्यावरचा गोंधळ यांतला फरक कायद्यालाही सोडता आलेला नाही.

हा सारा इतिहास तुमच्यापुढे मांडला तो इंग्रजांची उणीदुणी काढण्यासाठी नव्हे. ती माणसे गेली. आज पाहुणे आपण आहोत. मुळशी तालुक्यातल्याच हिंजवडीतून मराठी मुलेमुली जर्मनीला, जपानला, अमेरिकेला कामासाठी जातात, आणि तिकडची माणसे हिंजवडीत येऊन राहतात. तिकडे आपला मुलगा रात्री रस्त्यावर आरडाओरडा करील तेव्हा त्याला नावाने कोणी ओळखणार नाही. ‘हिंदी लोक असे’ एवढेच शेजारी म्हणतील. आणि परमुलूख काही सातासमुद्रापलीकडेच असतो असेही नाही. पावसाळ्यात शहरातली मंडळी गाड्या घेऊन ताम्हिणीला, धरणाच्या काठी येतात. त्या गावांना ती मंडळी परकीच असतात. शेताच्या बांधावर फुटलेली बाटली दिसली की शेतकरी ती कोणी फोडली हे विचारीत बसत नाही. पुण्याचे लोक, असे म्हणतो आणि काचा वेचू लागतो. १९२१ च्या सत्याग्रहापासून या खोऱ्याने शहरांसाठी पुष्कळ सोसले आहे. त्याच्या बांधावर काचा टाकण्याचा अधिकार शहराला कोणी दिलेला नाही.

यजमानाने काय करावे, हे पेशव्यांच्या सरकारने आणि सुरतेच्या त्या गृहस्थाने दाखवून दिले आहे. सवयीला आडकाठी नको, उपद्रवाला मात्र हवी; आणि शिक्षा करण्याची ताकद असताना एकदा सोडून देण्यात कमीपणा नाही. पाहुण्याने काय करावे, हे सर टॉमस रोने दाखवले. आपल्या मानासाठी त्याने जरूर भांडण केले. पण आपल्या माणसाच्या बेतालपणाला आपला मान समजून तो भांडला नाही. परमुलखात गेलेला प्रत्येक माणूस आपल्या गावाचा वकील असतो. त्याला सनद कोणी दिलेली नसते, पगारही नसतो. तरी लोक त्याच्याकडे पाहूनच त्याच्या गावाविषयी मत बनवतात, आणि ते मत तो परतल्यावरही तिथेच राहते.