गृहतापन, पाणी व वाफ यांद्वारे

बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) तापविलेले पाणी किंवा त्यापासून निर्माण केलेली वाफ नळांवाटे खोल्यांत खेळवून घर उबदार ठेवण्याची पद्धती. थंड हवामानाच्या देशांत ती रूढ असून महाराष्ट्रात तिचे जवळचे नाते स्नानाचे पाणी तापविणाऱ्या बंबाशी आहे. दोहोंचे तत्त्व एकच आहे. मात्र पात्र बंद की उघडे, या एका भेदावर त्यांची सुरक्षितता व निगा अवलंबून असते.

इतिहास : १७७७ मध्ये फ्रान्समध्ये बॉनमां यांनी अंडी उबविण्यासाठी नळांतून गरम पाणी फिरविले. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व निवालेले पाणी जड होऊन खाली येते, या नैसर्गिक अभिसरणाचा त्यांनी उपयोग केला. १७८४ मध्ये जेम्स वॉट यांनी आपली कामाची खोली वाफेने तापविली. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये अँजिअर मार्च पर्किन्स यांनी बारीक, बंद लोखंडी नळांतून उच्च दाबाचे पाणी फिरविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रशियात फ्रान्झ सान गाल्ली यांनी बिडाचे रेडिएटर प्रचारात आणले. १८७७ मध्ये अमेरिकेतील लॉकपोर्ट येथे बर्डसिल हॉली यांनी एका मध्यवर्ती बाष्पित्रातून अनेक घरांना वाफ पुरविली.

गुणदोष : १ किग्रॅ. वाफ थिजून पाणी होताना सु. ५४० किलोकॅलरी उष्णता देते, तर तेवढेच पाणी २०° से.ने निवताना केवळ २० किलोकॅलरी देते. त्यामुळे वाफेने मोठ्या इमारती तापविणे सोयीचे ठरले. परंतु थिजलेले पाणी परत वाहून जाण्यासाठी नळांना नेमका उतार द्यावा लागतो. ते साचल्यास वाफेच्या धक्क्याने नळांत जोराचे ठोके बसतात. पाण्याचे तापमान मात्र ऋतुमानानुसार कमीजास्त ठेवता येते. त्यामुळे नव्या घरांत पाण्याची पद्धती अधिक पसंत केली जाऊ लागली. तापताना पाणी प्रसरण पावते म्हणून तीत प्रसरण टाकी व सुरक्षा झडप आवश्यक असते. नळांत अडकलेली हवाही वेळोवेळी काढावी लागते.

अपघात व कायदे : साध्या वातावरणीय दाबाला पाण्याची वाफ झाल्यास तिचे आकारमान सु. १,६०० पटींहून अधिक होते. बंद पात्रात ही वाढ दाबाच्या रूपाने कोंडली जाते. कलकत्त्यातील १८६३ च्या स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बाष्पित्रांच्या तपासणीचा कायदा झाला. अमेरिकेत ब्रॉक्टन येथील पादत्राणांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी बाष्पित्राचा स्फोट होऊन आग लागली व ५८ माणसे दगावली. त्यानंतर तेथे बाष्पित्रांच्या रचनेचे नियम कडक करण्यात आले. भारतात १९२३ चा बाष्पित्र अधिनियम दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली. १००° से.च्या आत पाणी तापविणारी घरगुती साधने त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

महाराष्ट्रातील स्थिती : नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात कन्हान नदीकाठी वसलेले खापा हे विणकामासाठी पूर्वापार ओळखले जाणारे नगर. या भागात थंडी कडक पडू शकते. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी ३·५° से. तापमान नोंदले गेले. पण हिवाळा अल्पकाळाचा असल्याने खोल्या तापविण्याची व्यवस्था घरांतून रुजली नाही. गरज भासते ती स्नानाच्या पाण्याची. याच तालुक्यातील खापरखेडा औष्णिक विद्युत् केंद्रात उच्च दाबाची वाफ प्रशिक्षित तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली टरबाइने फिरविते. घरातील पाण्यावर मात्र घरातल्या माणसांचीच देखरेख असते.

बंब या दृष्टीने सोयीचा ठरला. तांब्याच्या उभ्या पात्राच्या मधोमध आरपार नळकांडे व त्याच्या तळाशी जाळी, अशी त्याची रचना असते. नळकांड्यात लाकडे, गोवऱ्या, कोळसा वा करवंट्या जाळतात. रचनेने तो अग्निनलिका बाष्पित्राचाच लहान भाऊ होय. परंतु पाणी ओतण्याचे तोंड उघडे असल्याने त्यात दाब साठत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी बंब घडविण्यासाठी प्रसिद्ध आहे. इंधनाचा खर्च, धूर व राख यांमुळे त्याचा वापर ओसरला.

त्याची जागा घेणारा विजेचा साठवण गीझर हे पुन्हा बंद पात्र आहे. त्याचा तापनियंत्रक बिघडला व दाब सोडणारी झडप क्षारांनी बुजली, तर जुना धोका न्हाणीघरात शिरतो. गॅसच्या गीझरात दाबाहून कार्बन मोनॉक्साइडचे भय मोठे असते. तो कोंदट न्हाणीघरात बसविल्यास प्राणघातक ठरतो. छपरावरील सौर जलतापकात बॉनमां यांच्या काळचे नैसर्गिक अभिसरणच चालते. त्याच्या टाकीची हवानळी बंद करणे म्हणजे उघडे पात्र बंद करणे होय. म्हणून झडपेची वेळोवेळी चाचणी, क्षारांचे थर काढणे व हवेचे मार्ग मोकळे ठेवणे ही कामे या साधनांच्या जोडणीइतकीच महत्त्वाची आहेत. कायद्याने नेमलेला निरीक्षक येथे येत नाही. ते काम घरधन्यालाच करावे लागते.