छपरांची हवाई पाहणी (नागपूर परिसर)

छपरांची हवाई पाहणी : घराच्या छपराचा विस्तार, बांधणी व स्थिती उंचावरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे ठरविण्याची पद्धती. पूर्वी हे काम फुगे, पतंग व विमाने यांच्या साहाय्याने अल्प प्रमाणावर होत असे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ते मुख्यतः चालकरहित लहान विमानांनी, म्हणजे ड्रोनने, केले जाते. पाहणीचे हेतू दोन : एक, छप्पर कोठे गळते, खचते वा तडकते ते शोधणे, आणि दुसरा, छपराखालील जागा कोणाची व किती ते निश्चित करणे. पाश्चात्त्य देशांत पहिल्या हेतूने या पद्धतीचा प्रसार झाला, तर महाराष्ट्रात, विशेषतः नागपूर जिल्ह्यासारख्या भागात, दुसऱ्या हेतूने. हा फरक केवळ योगायोगाचा नाही. तो येथील घरांच्या व जमीनधारणेच्या इतिहासातून उद्‌भवलेला आहे.

विदर्भातील जुन्या घरांचे छप्पर कवेलूंचे असे. देशी कवेलू कुंभार चाकावर घडवी. निमुळत्या नळीचे उभे दोन भाग केले की अर्धगोल कवेलू तयार होत. सागाचे वा बांबूचे वासे, त्यांवर कामट्या आणि त्यांवर उलटीसुलटी रचलेली कवेलू अशी ही रचना असून तीत खिळा वापरला जात नाही. त्यामुळे वारा, वानरे आणि मांजरे यांच्या वावराने कवेलू सरकतात व फुटतात. नागपूरचा उन्हाळा प्रखर (२३ मे २०१३ रोजी येथे ४७·९° से. तापमान नोंदले गेले) आणि त्यापाठोपाठ येणारा पाऊस जोराचा, म्हणून मृगापूर्वी कवेलू फेरणे हे दरवर्षीचे अपरिहार्य काम होते. फेरणारा मनुष्य छपरावर पाय कोठे दबतो यावरून खालचा वासा पोखरला आहे की नाही ते ओळखी. छपराची ही सर्वांत जुनी तपासणी होय आणि तिची अचूकता आजच्या अनेक उपकरणांना साधलेली नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखान्यातून सपाट, खाचेची कौले निघू लागली व पुढे ती रेल्वेमार्गे सर्वत्र पोहोचली. त्यानंतर जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे (नागपुरी बोलीत टिना), सिमेंटचे पत्रे आणि अखेर सळईयुक्त काँक्रीटचा स्लॅब असा क्रम लागला. महाल, इतवारी यांसारख्या जुन्या वस्त्यांत हे सर्व प्रकार एकाच गल्लीत, कधी तर एकाच वाड्याच्या वेगवेगळ्या वाटण्यांवर आढळतात. वाड्याची वाटणी झाली की पहिला बदल छपरावर दिसतो. एक भाऊ कवेलू ठेवतो, दुसरा टिना घालतो. वरून पाहणाऱ्याला कुटुंबाचा इतिहास कळतो. १९६१ च्या जनगणनेपासून घरयादीत भिंत व छप्पर यांच्या साहित्याची नोंद होऊ लागली, आणि ग्रामपंचायतीची घरपट्टीही बांधकामाच्या प्रकारानुसार बदलते. याचा अर्थ, छप्पर हे शासनाच्या दृष्टीनेही घराच्या आर्थिक स्थितीचे चिन्ह ठरलेले आहे.

उंचावरून पाहण्याचा इतिहास यापेक्षा वेगळ्या वाटेने आला. फ्रेंच छायाचित्रकार नादार याने १८५८ मध्ये पॅरिसजवळ फुग्यातून छायाचित्र घेतले. १८८८ मध्ये आर्त्यूर बातू याने पतंगाला कॅमेरा बांधला. पहिल्या महायुद्धात हवाई छायाचित्रणास शास्त्रीय रूप आले आणि १९२० नंतरच्या दशकात भारत व ब्रह्मदेश यांतील वने व नद्या यांच्या मोजणीसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिका व यूरोपातील काही शहरांत विमानातून अवरक्त (उष्णतादर्शी) चित्रे घेऊन कोणत्या घराच्या छपरातून ऊब निसटते हे पाहण्यात आले. छपराची स्थिती हाच हेतू असलेल्या हवाई पाहणीच्या आरंभीच्या उदाहरणांत या प्रयत्नांची गणना करावी लागेल. मात्र विमान महाग असल्याने एकट्या घरमालकास त्याचा उपयोग नव्हता.

ड्रोन या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी. १९३५ मध्ये ब्रिटनने तोफखान्याच्या नेमबाजीसाठी ‘क्वीन बी’ हे रेडिओनियंत्रित विमान बनविले, त्यावरून हे नाव रूढ झाल्याचे मानतात. २०१० नंतर चार पंख्यांची, कॅमेरायुक्त व स्वस्त यंत्रे बाजारात आली आणि शिडी लावून छपरावर चढण्याचे धोक्याचे काम टळू लागले. अमेरिकेत मार्च २०१५ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीस छपरांच्या नुकसानीची ड्रोनने पाहणी करण्याची परवानगी मिळाली; अशी परवानगी मिळालेली ती पहिली विमा कंपनी. तेथे वादळानंतर विम्याचा दावा हा छप्पर तपासण्याचा प्रमुख प्रसंग असतो. आपल्याकडे घराचा विमा उतरविणारे थोडे. छप्पर उडाले तर तलाठी पंचनामा करतो. त्यामुळे ही तपासणी भारतात विमा कंपन्यांच्या मार्गाने रुजली नाही.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रोनच्या खाजगी वापरास मनाई केली होती. १ डिसेंबर २०१८ पासून परवान्याची पद्धत लागू झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती बरीच सैल केली. या नियमांनुसार आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग पाडलेले असून विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंतचा पट्टा जमिनीपासूनच पिवळ्या विभागात मोडतो. तेथे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, तर त्यापलीकडील हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत मुभा असते. नागपूरचा सोनेगाव विमानतळ शहराला लागून असल्याने शहराचा मोठा भाग या आठ किलोमीटरांत येतो. शिवाय वायुसेनेच्या देखभाल विभागाचे मुख्यालय येथेच आहे. म्हणजे गच्चीचा गळका कोपरा पाहण्यासाठी सोनेगावच्या परिसरात जी परवानगी काढावी लागते, ती रामटेक वा उमरेडकडील बहुतेक खेड्यांत लागत नाही. नागपूर परिसरात ड्रोन आधी खेड्यात व मागाहून शहरात पोहोचला, त्यामागील एक कारण हेही आहे.

दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण जमीनधारणेत आहे. जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत होती. शेतीची ‘काळी’ आणि वस्तीची ‘पांढरी’ असा भेद असे. पांढरीची म्हणजे आबादीची जमीन मालगुजाराच्या मालकीची समजली जाई आणि कुळांना तीवर घर बांधून राहण्याचा हक्क गावच्या रूढीने, ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदविलेल्या चालीप्रमाणे मिळे. घर कुळाचे, पण त्याखालील जागेचा कागद कुळाकडे नसे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व १९५१ मध्ये ते हक्क शासनाकडे आले; १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. या संहितेत गावठाणातील घरजागांच्या भूमापनाची तरतूद आहे. परंतु प्रत्यक्षात नगर भूमापन शहरांत व मोठ्या गावांतच झाले. लहान गावांत घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’, आणि तो कर आकारणीचा उतारा होय, मालकीचा नव्हे. बँका त्यावर कर्ज देण्यास नाखूश असत. भाऊबंदकीच्या दाव्यांत साक्षीदारांच्या स्मरणावर निवाडा अवलंबे. हे दावे वर्षानुवर्षे चालत व साक्षीदार दाव्याआधी संपत.

या अडचणीवर उपाय म्हणून महाराष्ट्राच्या भूमि अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला. केंद्र शासनाची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. ११ ऑक्टोबर २०२० रोजी सहा राज्यांतील ७६३ गावांच्या मिळकत पत्रिकांचे वितरण सुरू झाले. त्यांत महाराष्ट्रातील १०० गावे होती. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी ५०,००० हून अधिक गावांतील ६५ लाख पत्रिका देण्यात आल्या. तोपर्यंत देशातील ३·१७ लाख गावांवर ड्रोन फिरून आले होते. त्या दिवशीच्या संवादात नागपूरच्या एका लाभधारकाने, पत्रिकेच्या आधारे मिळालेल्या कर्जातून जुने घर नव्याने बांधल्याचे सांगितले. विदर्भात मिळकत पत्रिकेस ‘आखीव पत्रिका’ हे जुने नाव आहे व ते अधिक अर्थवाही वाटते.

मोजणीची रीत अशी : ग्रामसभेत माहिती दिल्यावर गावकरी व कर्मचारी मिळून प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याच्या पांढऱ्या रेघेने आखतात. मग ड्रोन सुमारे १२० मीटर उंचीवरून समांतर ओळींत उडतो व एकमेकांवर चढणारी शेकडो चित्रे घेतो. जमिनीवरील स्थिर उपग्रह-संदर्भस्थानकांच्या साहाय्याने ही चित्रे जोडून १ : ५०० प्रमाणाचा नकाशा तयार होतो. त्याची गावात पडताळणी होते, चौकशी अधिकारी हरकती ऐकतात आणि शेवटी फी भरून धारकाला सनद मिळते.

चुन्याच्या रेघेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी पुन्हा छपराकडे यावे लागते. ड्रोनला भिंत दिसत नाही. त्याला छप्पर दिसते. कवेलूंच्या घराचे छप्पर भिंतीच्या बाहेर हात-दीड हात लोंबते. त्याखालची वळचण आणि पावसाळ्यात जेथे पागोळ्या पडतात ती रेघ कोणाची, हा गावोगावच्या भांडणांचा जुना विषय आहे. चित्रातील छपराची कड हीच हद्द धरली, तर जुन्या कवेलूच्या घराला भिंतीबाहेरील जागाही मिळते आणि शेजारच्या स्लॅबच्या घराला मात्र भिंतीपुरतीच. उलट भिंत धरली, तर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली वळचण हातची जाते. दोन घरांची छपरे एकमेकांवर चढलेली असतील, तर वरून तेथे एकच घर भासते. झाडाखालचे घर दिसतच नाही. शिवाय उंच इमारत चित्रात किंचित कललेली येते व तिचा माथा पायापासून सरकतो. गणिताने ती चूक काढावी लागते. म्हणून ड्रोनने मोजणीचे दिवस वाचविले हे खरे असले, तरी निवाडा जमिनीवरच करावा लागतो. जेथे चुना घाईने टाकला गेला किंवा घरधनी मजुरीसाठी बाहेरगावी होता, तेथे पत्रिकेवरील रेघ चुकण्याचा धोका मोठा. आणि एकदा सनद झाली की ती दुरुस्त करून घेणे गरिबाला सोपे नसते. विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या बाबतीत तर घर कोणाच्या नावे, हा प्रश्न ड्रोन सोडवीत नाही. जुना नमुना आठ ज्या पुरुषाच्या नावे, त्याच्याच नावाकडे चौकशीचा कल राहतो.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या (७०१ किमी.) आखणीतही लायडार व ड्रोन यांचा वापर झाला. भूसंपादनात घर, गोठा, विहीर व झाडे यांची भरपाई द्यावयाची असते. अशा वेळी तारीखवार हवाई चित्र हा दुहेरी पुरावा होतो. मोजणीनंतर घाईने उभारलेली टिनाची शेड त्यातून उघडी पडते, तसाच खऱ्या गोठ्याचा नाकारलेला हक्कही सिद्ध करता येतो. दूरस्थ संवेदनाचे ज्ञान नागपुरास नवे नव्हते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून येथेच आहे.

निव्वळ दुरुस्तीसाठी होणारी पाहणी शहरात अजून मर्यादित असून गोदामे, कारखाने व उंच गृहसंकुले यांत ती प्रामुख्याने आढळते. तीत साध्या कॅमेऱ्याबरोबर अवरक्त कॅमेरा वापरतात. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी दिवसा शोषलेली उष्णता सूर्यास्तानंतर अधिक काळ धरून ठेवते. म्हणून संध्याकाळी घेतलेल्या चित्रात ओला भाग कोरड्यापेक्षा उष्ण दिसतो. उन्हाळ्यात तापलेल्या नागपुरी गच्चीवर हा भेद स्पष्ट उमटावा. पण कोबा वा चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी घातलेल्या गच्चीवर रंगभेदामुळे फसगत होते, आणि ओल नेमकी कोठून शिरली हे कळण्यास जाणकार गवंडीच लागतो. कवेलूंच्या छपरावर ड्रोन सरकलेले कवेलू दाखवितो. वाळवीने खाल्लेला वासा दाखवीत नाही.

खाजगीपणाचा प्रश्न वेगळाच आहे. वाड्यातील चौक आणि घरामागील परस आकाशाला उघडे असले, तरी शेजाऱ्याच्या नजरेला बंद असत. स्त्रियांचा दिवसाचा बराच वेळ तेथे जाई, आणि दुसऱ्याच्या परसात डोकावेल अशी खिडकी काढणे असभ्य मानले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. मार्च २०२१ मधील चालकरहित विमानांच्या नियमांत चित्रण करताना व्यक्ती व तिची मालमत्ता यांचा खाजगीपणा राखण्याचे कलम होते. त्यांच्या जागी आलेल्या ऑगस्टच्या ड्रोन नियमांत तसे स्वतंत्र कलम ठेवलेले नाही. मोजणीच्या ड्रोनची पूर्वसूचना गावाला मिळते. लग्नसमारंभाच्या चित्रणासाठी उडणाऱ्या ड्रोनची शेजाऱ्याला मिळत नाही.

हवाई मोजणीतून तयार होणाऱ्या नकाशावर घराची बाह्यरेषा तेवढी उतरते. मिळकत पत्रिकेत धारकाचे नाव, क्षेत्र, धारणाप्रकार व बोजे यांची नोंद असते. छप्पर कवेलूंचे, टिनाचे की स्लॅबचे, याची नसते. ती माहिती मूळ चित्रांतच राहते. कुंभारांनी कवेलू घडविणे बव्हंशी थांबविले असून फुटलेल्या छपरासाठी जुन्या पडक्या घरांची कवेलू विकत घेतली जातात. या दृष्टीने नागपूर जिल्ह्यातील गावठाणांची ही चित्रे कवेलूंच्या छपरांचा गावोगावचा शेवटचा मोठा दस्तऐवज ठरण्याचा संभव आहे.