वही सावकाराची, निशाणी कुणब्याची

शेतसारा भरायची मुदत आली की दख्खनच्या कुणब्याला सावकाराचीच ओसरी आठवे. बियाणं, बैल, लग्नकार्य, साऱ्याला पैसा तिथूनच. सावकाराची किंमत होती ती अडल्या वेळेची.

हिशेब मात्र त्याच्याच वहीत राही. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणं भाग पडलं. सावकारांनी त्यावर तोड काढली: मुदत सरत आली की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवं कर्जखत करायचं. अक्षरशत्रू कुणबी खाली नांगराची निशाणी काढून मोकळा होई.

अमेरिकेतल्या यादवीने चढलेले कापसाचे भाव १८६५नंतर कोसळले आणि कुणब्याला कर्ज फेडणं जड झालं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात जमाव सावकारांवर चालून गेला. रोख खतांवर होता. हाती लागली ती जाळली.

या दंग्यानंतर आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जरोखे सरकारी नोंदणीदारासमोर करायला लावले. पैसे भरले की पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितलं तर पासबुक, हा ऋणकोचा हक्क ठरला. मग ही बंधनं टाळायला बरेच सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून मागू लागले.