पाण्यापाशी लावलेली पाटी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पहिल्यांदाच क्रूझवर गेलो. जहाजाच्या मागच्या बाजूला एक छोटासा, शांत पूल होता आणि दारातच पाटी : 'फक्त १६ वर्षांवरील पाहुण्यांसाठी'. आमची नऊ वर्षांची लेक पाटी वाचून थबकली. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला तिने मंडळात चवदार तळ्याची गोष्ट सांगितली होती. "आई, म्हणजे महाडसारखंच ना गं?" "चल, तुझा पूल वर आहे," म्हणत मी वेळ मारून नेली. पण गेर्लिंगेनला परतल्यावरही प्रश्न काही पाठ सोडेना. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी महाड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण सगळे कागदावरच! शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पुढे कोर्टकज्जे झाले, ते हायकोर्टात संपायला १९३७ साल उजाडले. मुंबईत ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे फक्त गोऱ्यांचा होता. आपण राहतो त्या जर्मनीचा इतिहासही वेगळा नाही. १९३३ नंतर गावोगावच्या तलावांवर ज्यूंना बंदीच्या पाट्या लागल्या.

आता जहाजांकडे वळू. १९१२ च्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गासाठी समुद्राच्या पाण्याचा तलाव होता आणि तिथे बायकांच्या व पुरुषांच्या वेळा वेगळ्या होत्या. व्यायामशाळेतही मुलांसाठी दुपारची ठरावीक वेळ राखलेली असे. म्हणजे जागा एकच, वाटणी घड्याळाची. क्रूझ जहाजे मोठी झाली तशी वाटणी जागेची झाली : मुलांना घसरगुंड्या, मोठ्यांना शांत कोपरा. २००५ मध्ये तर पी. अँड ओ. ने 'आर्केडिया' हे अख्खे जहाजच फक्त प्रौढांसाठी काढले. एकेकाळी मुंबई-विलायत प्रवास म्हटला की आठवायचे, तेच हे नाव! लंगोट घालणाऱ्या बाळांना मोठ्यांच्या पुलात न सोडण्याचा नियम मात्र वेगळ्या कारणाने आला. पाण्यातून जुलाबाची साथ पसरू नये म्हणून अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा तसा दंडकच आहे.

पण निव्वळ शांततेसाठी मुलांना बाहेर ठेवणे न्याय्य आहे का? हा प्रश्न इथे कोर्टात गेला, तोही पार वरपर्यंत. २००६ पासून जर्मनीत समान वागणुकीचा कायदा आहे. वंश, धर्म, लिंग यांबरोबर वयावरूनही भेदभाव करायला त्यात मनाई आहे. ब्रांडेनबुर्गमधल्या एका वेलनेस हॉटेलने १६ वर्षांखालच्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा एका कुटुंबातली पाच मुले भरपाई मागायला कोर्टात गेली. आपल्याहून तासाभराच्या अंतरावर, कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०२० मध्ये निकाल दिला, तो हॉटेलच्या बाजूने. विसावा शोधणाऱ्या पाहुण्यांसाठीच हॉटेल चालवायचे, हे वयाच्या अटीला पुरेसे सबळ कारण आहे, असे न्यायालयाने मानले. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. 'आमची मर्जी' एवढे म्हणून भागले नाही, कारण सांगावे लागले.

मग लेकीला उत्तर दिले ते असे : "सोनू, सात वर्षांनी तू त्याच दारातून आत जाशील. आज ज्यांना आत सोडतात, तेही कधीतरी नऊ वर्षांचे होतेच. महाडच्या माणसाला मात्र कितीही वाढदिवस झाले तरी तळे बंदच होते, आणि ते तर प्यायचे पाणी होते. शिवाय तुझ्यासाठी वर दुसरा पूल होता."

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "आणि वर दुसरा पूल नसता तर?"

या प्रश्नावर मात्र मी वेळ मारून नेली नाही. "तर मीही तुझ्याबरोबर बाहेरच बसले असते, आणि कॅप्टनला जाब विचारला असता," असे सांगितले. पाटी दिसली की 'का?' विचारायची सवय तिला लागली, ती मोडायची माझी तरी इच्छा नाही.