गाळ कमी करण्याची यांत्रिक-रासायनिक पद्धत

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील जैविक गाळ आधी कॉस्टिक सोड्याने मऊ करून, मग प्रचंड दाबाखालून काढून त्यातील जीवाणूंच्या पेशी फोडण्याची प्रक्रिया. फुटलेल्या पेशींतील द्रव्य डायजेस्टरमध्ये, म्हणजे हवेविना गाळ कुजवणाऱ्या बंद टाकीत, लवकर पचते, बायोगॅस वाढतो आणि केंद्राबाहेर वाहून न्यावा लागणारा गाळ घटतो.

हा गाळ शुद्धीकरणातूनच जन्माला येतो. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम केंद्रातील एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सक्रिय गाळ पद्धत जगासमोर मांडली. त्यामागची प्रेरणा असलेले गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. या पद्धतीत हवेच्या पुरवठ्यावर जीवाणू सांडपाण्यातील घाण खातात, वाढतात आणि पुंजके होऊन तळाशी बसतात. पाणी निवळते, पण घाणीचा मोठा हिस्सा जीवाणूंच्या देहांच्या रूपाने मागे उरतो. केंद्राच्या चालू खर्चातला निम्म्यापर्यंतचा वाटा या गाळावरच जाऊ शकतो. किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांनी वर्षानुवर्षे तो समुद्रात ओतला. न्यूयॉर्कने १९९२ मध्ये आणि ब्रिटनने १९९८ च्या अखेरीस हे थांबवले. त्यानंतर गाळ मुळातच कमी करण्याच्या प्रयत्नांना जोर आला.

गाळ पचायला वेळ लागतो तो पेशीभित्तिकेमुळे. ती अन् तिच्याभोवतीचा चिकट थर जीवाणूला जिवंतपणी जपतात आणि मेल्यावरही आतले द्रव्य सहजासहजी बाहेर येऊ देत नाहीत. म्हणूनच साध्या डायजेस्टरमध्ये सुमारे ३५ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस दिवस ठेवूनही या गाळातील निम्म्याहून अधिक सेंद्रिय पदार्थ बहुधा तसेच राहतात.

कॅनडातील चिलिवॅक येथे २००४ मध्ये ‘मायक्रोस्लज’ नावाने सोडा आणि दाब यांच्या या जोडपद्धतीची प्रत्यक्ष केंद्रात चाचणी सुरू झाली. सोड्याने पेशींची आवरणे सैल होतात आणि गाळ पातळही होतो. मग तो बारीक करून चाळतात, कारण केस, धागे किंवा वाळूचे कण पुढच्या यंत्राची झडप तुंबवतात, झिजवतात. ते यंत्र म्हणजे होमोजिनायझर. फ्रान्सच्या ऑग्युस्त गोलँ यांनी १८९९ मध्ये दुधासाठी त्याचे पेटंट घेतले होते. दुग्धशाळेत त्याला साधारण २०० बार दाब पुरतो. इथे तो ८०० बारच्या वर नेतात. झडपेच्या अरुंद फटीतून गाळ सुसाट निघतो, दाब क्षणार्धात कोसळतो आणि आधीच कमकुवत झालेल्या पेशी फाटतात. नुसत्या सोड्याने हे करायचे तर त्याची मात्रा फार वाढवावी लागते आणि जास्तीचे सोडियम मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांनाच बाधते. नुसत्या दाबाने करायचे तर वीज जास्त लागते. जोडीचा खरा फायदा हाच.

पेशी फोडल्याने गाळ नाहीसा होत नाही. त्याचा गॅस होतो तो पुढे डायजेस्टरमध्ये. एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन पाणी निवळू देणाऱ्या एसबीआर पद्धतीच्या अनेक केंद्रांत डायजेस्टर नसतोच. तिथे हे यंत्र बसवले तर फुटलेल्या पेशींतील द्रव्य परत हवेच्या टाकीत जाईल आणि हवा पुरवणाऱ्या ब्लोअरचे वीजबिल वाढेल. पेशींतून सुटलेला अमोनिया आणि फॉस्फरसही निचऱ्याच्या पाण्याबरोबर केंद्राच्या तोंडाशी परततो. शिवाय गाळाचे कण फार बारीक झाले तर पाणी पिळून काढताना कणांचे पुंजके बांधणारा पॉलिमर जास्त लागू शकतो.

हा पिळण्याचा टप्पा कोणत्याही पद्धतीत टळत नाही. एक टन कोरडा पदार्थ २ टक्के घनतेच्या गाळात असेल, तर त्या गाळाचे वजन ५० टन भरते; सेंट्रिफ्यूज किंवा बेल्ट प्रेसने घनता २० टक्क्यांवर नेली की ५ टन. त्यामुळे जिथे गाळ पिळण्याची व्यवस्था धड नाही, तिथे पहिला पैसा तिच्यावरच खर्च करावा. डायजेस्टर चालू असेल, गॅसपासून वीज होत असेल आणि गाळाची वाहतूक महाग पडत असेल, तिथेच होमोजिनायझर परवडतो.

जड धातू या प्रक्रियेने नष्ट होत नाहीत. उलट गाळ घटल्याने उरलेल्या गाळातील त्यांचे प्रमाण वाढते, म्हणून तो शेतात टाकण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो.