जुना रंग उतरविण्याची विद्या

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सोलापूर सोडल्यापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर, बोरी नदीच्या कांठीं नळदुर्गचा किल्ला लागतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत नदीवर घातलेला बंधारा व त्याच्या पोटांतील पाणीमहाल पाहण्यास दूरदूरचे लोक येथें येतात. काळ्या दगडाचें हें काम चारशें वर्षें पाणी व ऊन खात उभें आहे. त्यास रंगाची मिजास लागली नाहीं. लोखंडाची गोष्ट निराळी. याच रस्त्यानें विसाव्या शतकांत ज्या सायकली गेल्या, त्यांच्या नळ्यांचें आयुष्य अंगावरील रंगाच्या पातळशा पापुद्र्यावर अवलंबून असे. हा पापुद्रा चढविण्याची कला सर्वांस ठाऊक आहे. तो उतरविण्याची विद्या मात्र कोणी फारशी सांगत नाहीं. आणि खरा धोका तर उतरवितांनाच असतो.

आज आपण जिला सायकल म्हणतों, ती सारख्या चाकांची व सांखळीची गाडी इंग्लंडांत स्टार्ले यानें १८८५ सालीं बाजारांत आणली. १८८८ सालीं डनलॉप याची हवेची धांव निघाली. त्याच १८८८ सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं सायकलींचें दुकान थाटलें, व पुढील सारा किर्लोस्करी उद्योग त्या दुकानापासून वाढला. या गृहस्थांचा मूळ ओढा चित्रकलेकडे. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखलहि झाले होते. परंतु कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस दिसत नाहीं असें आढळल्यामुळें त्यांना चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळावें लागलें. रंगानें ज्यांना नाकारलें त्यांना सायकलीनें हात दिला, असेंच म्हणावें लागेल. त्या काळच्या सायकलीस रंग पारखावा लागतच नसे. ती काळी असे.

हा काळा रंग कशाचा, हें समजल्याशिवाय तो जातो कसा हें समजावयाचें नाहीं. अस्फाल्ट म्हणजे खनिज डांबर, जवसाचें तेल व टर्पेंटाईन यांचें तें मिश्रण. नळ्या त्यांत बुडवून मग भट्टींत भाजीत. भाजल्यानें तेल घट्ट होऊन कांचेसारखें कठीण कवच तयार होई. कारखान्याचा हा रंग पुष्कळ टिके. तो एकदां उडाला म्हणजे गांवचा रंगारी कुंचल्यानें दुसरा देई, आणि त्याखालीं अस्तर म्हणून बहुधा शेंदूर लावी. मारुतीच्या मूर्तीस तेलांत कालवून जो शेंदूर माखतात तोच हा. शेंदूर म्हणजे शिशाचें भस्म. जवसाच्या तेलाशीं त्याचा संयोग होऊन शिशाचा एक प्रकारचा साबण बनतो व तो लोखंडास गंज चढूं देत नाहीं. पूल, आगबोटी, टाक्या यांवर तांबडें अस्तर दिसे तें याच कारणानें. थरावर थर चढत गेले म्हणजे मूळ आकार कसा लोपतो याचें उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचें कवच २०२२ सालीं उतरविलें, तेव्हां आंतील मूळ स्वरूप दिसूं लागलें.

जुना रंग ठेवून वर नवा कां देऊं नये, असें कोणी विचारील. कारण नवा रंग जुन्यास धरतो, आणि जुन्यानेंच लोखंड सोडलेलें असतें. आंत गंज चालूच राहतो व दोन पावसाळ्यांत दोन्ही रंग एकदमच पोपडे होऊन गळतात. निजामी मुलखांत सोलापूरकडून येणाऱ्या मालावर करोडगिरी भरावी लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तर विलायती माल येणेंच कमी झालें. अशा दिवसांत जुनी फ्रेम खरवडून पुन्हां नवी करणें हा शोक नव्हता, गरज होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूनें निघून नळदुर्गजवळील बोरीच्या पुलावरूनच हैदराबाद संस्थानांत शिरल्या. राज्य बदललें, सायकलीहि पुढें देशांतच होऊं लागल्या. पण रंग खरवडण्याची रीत कांहीं लगेच बदलली नाहीं.

ती रीत दोन प्रकारची होती. एक विस्तवाची व एक खाराची. विस्तवाच्या रीतींत झाळकामाच्या दिव्याची ज्योत नळीवर फिरवीत व फुगलेला रंग पात्यानें काढीत. काम झटपट होई. पण खालचा शेंदूर तापून शिशाची वाफ व धूर कारागिराच्या छातींत जाई. जे कांचकागदानें कोरडेंच घांसत, ते तेंच शिसें धुळीच्या रूपानें घेत. शिसें पोटांत गेलें म्हणजे लगेच कांहीं होत नाहीं. तें हाडांत साठतें. हात लुळे पडणें, पोटांत कळ येणें, रक्त कमी होणें हीं लक्षणें मागाहून दिसतात, व मुलांच्या बुद्धीवर तर त्याचा कायमचा परिणाम होतो. पांढऱ्या शिशाच्या रंगाविरुद्ध आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें १९२१ सालींच करार केला होता. म्हणजे धोका ठाऊक नव्हता असें नाहीं.

खाराची रीत जुनी व अधिक शहाणपणाची. धुण्याचा सोडा व कळीचा चुना एकत्र कालवून त्याचा लगदा रंगावर थापीत आणि कांहीं वेळानें धुऊन टाकीत. चुना व सोडा एकत्र आले कीं कास्टिक सोडा तयार होतो, आणि तो जवसाच्या तेलाचा साबण करून टाकतो. रंग विरघळत नाहीं. रंगाला धरून ठेवणारें तेल साबण होऊन पाण्यांत जातें व रंग निराधार होतो. पुढें कास्टिक तयारच मिळूं लागला व मोठ्या दुकानांतून त्याचे हौद आले.

मात्र जो पदार्थ तेलाचा साबण करतो, तो माणसाच्या कातडींतील चरबीचाहि करतो. हातास कास्टिक लागला म्हणजे बुळबुळीत वाटतें तें याचमुळें. तो बुळबुळीतपणा स्वतःच्या कातडीचा साबण आहे हें कारागिरास कोणी सांगत नसे. डोळ्यांत एक थेंब उडाला तर क्षणभराचाहि विलंब न लावतां वाहत्या पाण्याखालीं डोळा उघडा धरावा लागतो आणि धुतां धुतांच वैद्याकडे धांवण्याची तयारी करावी लागते, कारण खार आम्लापेक्षां अधिक खोल शिरतो. म्हणून डोळ्यांस बंद चष्मा व हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे हे या कामाचे पहिले नियम. दुसरा नियम पाण्याचा. थंड पाण्यांत थोडा थोडा कास्टिक सोडावा; कास्टिकवर पाणी कधींहि ओतूं नये. ओतल्यास तें एकदम उकळून तोंडावर उसळतें. तिसरा नियम धातूचा. पोलादी फ्रेमेस कास्टिक कांहीं करीत नाहीं; पण अल्युमिनियमची फ्रेम त्यांत घातली तर धातूच खाल्ली जाऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायु निघूं लागतो. जस्ताच्या मुलाम्याचेंहि तसेंच. आणि फ्रेम हौदांत घालण्यापूर्वीं चिमटा, छर्रे, वाट्या, ग्रीस सगळें काढलेलें असावें.

रंग निघाला म्हणजे काम संपलें असें समजणारे पुष्कळ असतात. सायकलीची फ्रेम पोकळ नळ्यांची असते. पितळेच्या झाळीनें जोडलेल्या सांध्यांत आणि नळ्यांच्या पोटांत खाराचें पाणी दडून राहतें, आणि महिन्याभरानें नव्या रंगाखालून फोड येऊन बाहेर पडतें. तें गेलें कीं नाहीं हें ओळखावें कसें? यासाठीं कोणत्याहि प्रयोगशाळेची जरूर नाहीं. नळदुर्ग हें खंडोबाचें ठाणें. देव वर्षांतील कांहीं काळ येथें व उरलेला काळ शेजारच्या अणदुरास असतो, आणि दोन्हीं ठिकाणीं भंडारा उधळला जातो. भंडारा म्हणजे हळद. हळदीस चुन्याचा अगर दुसऱ्या कोणत्याहि खाराचा स्पर्श झाला म्हणजे ती लाल होते. आपल्याकडे पूर्वीं कुंकू तयार करीत तें याच गुणावर. हळदीच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली पांढऱ्या फडक्याची पट्टी घ्यावी, व फ्रेम उलटी करून पायडलच्या आंसाच्या नळींतून जें पाणी ठिबकतें त्याचा एक थेंब तिजवर पाडावा. पट्टी तांबडी झाली तर खार आहे, पुन्हां धुवावें. पिवळीच राहिली तर बहुतेक गेला. शेवटच्या धुण्यापूर्वीं पाण्यांत थोडा शिरका घातल्यास उरलेला खार मरतो. त्यानंतर फ्रेम उन्हांत कडक वाळवून त्याच दिवशीं अस्तर दिलें पाहिजे. उघडें पोलाद एका दमट रात्रींत तांबूस होतें.

खारानें तेलाचा रंग जातो. दुसऱ्या जातीचे रंग त्यास दाद देत नाहींत. पहिल्या महायुद्धानंतर सेल्युलोजचे रंग निघाले, त्यांस द्रावकच लागतें. द्रावकाचें काम अधिक नाजूक, कारण वरचें विरघळतांना खालचेंहि विरघळूं शकतें. याचा मोठा धडा नळदुर्ग ज्या राज्यांत होतें त्याच राज्यांत मिळाला. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांवर एकोणिसाव्या शतकांत नक्कल करणाऱ्यांनीं चकाकीसाठीं व्हार्निश चढविलें होतें, तें काळवंडून चित्रें झांकूं लागलीं. निजाम सरकारनें १९२० सालीं चेक्कोनी व ओर्सिनी या दोघां इटालियन तज्ज्ञांस बोलाविलें. त्या वेळीं संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी होते. दोघांनीं दोन हंगाम काम केलें व पुष्कळ चित्रें वांचविलीं. पण गिलावा पक्का करण्यासाठीं त्यांनीं जी लाख वापरली, तीच पुढें पिवळी पडली आणि ती काढण्याचें काम नंतरच्या रसायनज्ञांच्या वांट्यास आलें. एकाची दुरुस्ती दुसऱ्याची तक्रार होते ती अशी.

सायकलीच्या रंगावर विसाव्या शतकाच्या मध्यास जें द्रावक सर्वत्र पसरलें तें मेथिलीन क्लोराइड. रेन्यो या फ्रेंच रसायनज्ञानें तें १८३९ सालीं प्रथम तयार केलें होतें. शंभर वर्षें त्यास हें काम मिळालें नव्हतें. तें पेट घेत नाहीं म्हणून लोकांस सुरक्षित वाटलें. कुंचल्यानें लावलें कीं दहा मिनिटांत रंगाच्या सुरकुत्या उभ्या राहतात. खरोखर जादूच ती! परंतु हा द्रव केवळ चाळीस अंश सेंटिग्रेडला उकळतो. सोलापूर-नळदुर्गकडील वैशाखांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेथें डबा उघडणें म्हणजे उकळतें भांडें उघडणें होय. त्याची वाफ हवेपेक्षां सुमारें तिप्पट जड. ती खोलीच्या तळाशीं, हौदांत, तळघरांत सांचते, आणि वांकून काम करणारा नेमका तेथेंच श्वास घेतो.

पुढें कळलें तें अधिक भयंकर होतें. १९७२ सालीं अमेरिकेंतील वैद्यांनीं दाखविलें कीं श्वासावाटे गेलेल्या मेथिलीन क्लोराइडाचें शरीर स्वतःच कार्बन मोनॉक्साइड बनवितें, म्हणजे बंद खोलींतील शेगडीच्या धुरांत जें विष असतें तेंच. १९७६ सालीं तेथील वैद्यकीय नियतकालिकांत एका निवृत्त गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध झाली. तळघरांत बसून जुन्या लांकडी सामानाचा रंग काढतां काढतां त्यास हृदयविकाराचा झटका आला. बरा होऊन त्यानें तेंच काम पुन्हां हातीं घेतलें, पुन्हां झटका आला. तिसऱ्या खेपेस तो वांचला नाहीं. २००० ते २०११ या काळांत त्याच देशांत न्हाणीघरांतील टबांचा रंग काढणारे तेरा कारागीर याच द्रवानें मेल्याचें नोंदलें गेलें. युरोपनें २०१० नंतर घरगुती वापरासाठीं तो विकणें बंद केलें. अमेरिकेनें २०१९ सालीं ग्राहकांपुरती व २०२४ सालीं त्याहून व्यापक बंदी घातली. एवढीं वर्षें कां लागावीं, याचें समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. मेलेले बहुतेक एकेकटे काम करणारे होते, हें मात्र खरें.

त्याच्या जागीं आतां बेंझिल अल्कोहोलाचे लगदे मिळतात. ते मंद असतात, कधीं रात्रभर झांकून ठेवावे लागतात. हातमोजे व मोकळी हवा त्यांसहि सुटलेली नाहीं. परंतु कारागिराचा जीव घेण्याइतकी घाई त्यांस नाहीं. आजच्या पुष्कळशा फ्रेमांवर भट्टींत वितळवून बसविलेल्या भुकटीचा रंग असतो. त्यापुढें कास्टिक जवळजवळ हरतो व हे लगदेहि धीरानें वापरावे लागतात. कार्बन तंतूंच्या फ्रेमेस मात्र कोणतेंहि द्रावक लावूं नये, कारण त्या फ्रेमेचा सांगाडाच राळेचा असतो व रंगाबरोबर तोहि मऊ पडतो.

शिशाचा प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं. रंगांत शिसें दशलक्षांत नव्वद भागांहून अधिक नसावें असा नियम भारतांत २०१६ सालीं झाला व नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलांत आला. पण तो घरगुती व शोभेच्या रंगांपुरता आहे. तेव्हां घराच्या माळ्यावरून उतरविलेल्या जुन्या सायकलीच्या रंगांत शिसें आहे असेंच धरून चालावें. कोरडें घांसूं नये, ओलें खरवडावें. खालीं जुनीं वर्तमानपत्रें अंथरावीं. मुलांस त्या बाजूस येऊं देऊं नये व काम संपल्यावर जेवणापूर्वीं हात धुऊन कपडे बदलावे. राहिला तो निघालेला चिखल. तो मोरींत, विहिरीजवळ किंवा ओढ्यांत टाकूं नये, कारण ओढ्याचें पाणी शेवटीं बोरीसारख्या कोणत्या तरी नदीसच मिळतें. एका पत्र्याच्या डब्यांत तो वाळवून झांकण घट्ट बसवावें, आणि डब्यावर आंत काय आहे तें ठळक अक्षरांत लिहून तो धोक्याचा कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन करावा.