ज्या वादळाचें नांव घेणें मना होतें

रात्रीच्या वेळीं सापाचें नांव घेऊं नये, 'लांबडें' म्हणावें, असें आपल्या आज्या सांगत आल्या. नांव घेतलें कीं तें जनावर दारांत येतें, ही त्यामागची भीति. आपण ह्या भोळ्या समजुतीला हंसतों. परंतु अमेरिकेसारख्या शास्त्राभिमानी देशाच्या सरकारी हवामानखात्यानें एका वादळाच्या बाबतींत नेमकी हीच रीत पन्नास-साठ वर्षें पाळली, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. तें वादळ म्हणजे टॉर्नेडो.

टॉर्नेडो म्हणजे आपल्याकडे चैत्र-वैशाखांत पाचोळा फिरविणारी वावटळ नव्हे. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते आणि पाहतां पाहतां विरते. टॉर्नेडो मोठ्या गडगडाटी मेघाच्या पोटांतून सोंडेसारखा खालीं उतरतो, आणि त्यांतील वारा कधीं कधीं ताशीं २०० मैलांहून अधिक वेगानें फिरतो. हें संकट केवळ अमेरिकेचें आहे असेंहि नाहीं. २६ एप्रिल १९८९ रोजीं बांगलादेशांतील माणिकगंज जिल्ह्यांत अशाच एका टॉर्नेडोनें सुमारें १३०० माणसें मारलीं. तथापि त्याचें खरें माहेर अमेरिकेच्या मधल्या मैदानांत. तेथील शेतकऱ्यांनीं घराखालीं किंवा अंगणांत तळघर खणून ठेवण्याची चाल पाडली. एरवीं त्यांत बटाटे आणि फळांच्या बरण्या. आभाळ काळेंहिरवें झालें कीं सारें कुटुंब. १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या बाउम ह्यांच्या ओझच्या जादूगाराच्या कथेंत असेंच तळघर आहे, आणि कुत्र्याला पकडण्याच्या नादांत त्यांतील मुलीची तेथें उतरण्याची वेळ हुकते. मुलाबाळांच्या घरांत असें कांहीं तरी व्हावयाचेंच.

परंतु तळघरांत उतरावयाचें केव्हां, हें कोणीं सांगावें? १८८० नंतर कांहीं वर्षें हवामानाचें काम अमेरिकन सैन्याच्या सिग्नल दलाकडे होतें. त्या दलांतील जॉन पार्क फिनली ह्यानें सहाशें टॉर्नेडोंची टिपणें जमवून १८८२ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि १८८४ च्या वसंतांत टॉर्नेडोचे अंदाज करून पाहिले. शेंकडा पंच्याण्णवांहून अधिक अंदाज खरे ठरले, असें त्याचें म्हणणें. त्यावर गिल्बर्ट नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञानें बोचरा हिशेब मांडला: रोज डोळे मिटून 'आज टॉर्नेडो नाहीं' म्हणणारा मनुष्य शेंकडा अठ्ठ्याण्णव वेळां बरोबर ठरला असता! हिशेब बिनचूक आहे. तरीहि मला फिनलीचा पक्ष घ्यावासा वाटतो. क्वचित् येणाऱ्या संकटाबद्दल 'नाहीं' म्हणणारा बहुधा खराच ठरतो, आणि एके दिवशीं सारें गांव गमावून बसतो.

१८८७ च्या सुमारास वरिष्ठांनीं ठरविलें कीं अंदाजांत टॉर्नेडो हा शब्दच नको. टॉर्नेडोपेक्षां त्या शब्दानें उडणारी घबराट अधिक घातक, असा त्यांचा विचार. १८९१ मध्यें हें काम मुलकी खात्याकडे आलें, तरी ही चाल सुटली नाहीं.

मग १८ मार्च १९२५ हा दिवस उजाडला. दुपारीं एकच्या सुमारास मिसूरी राज्यांत एक टॉर्नेडो जमिनीला टेकला, तो इलिनॉय ओलांडून साडेतीन तासांनीं इंडियानांत विरला. वाट २१९ मैलांची; बळी ६९५. तो इतका रुंद आणि धुळीनें वेढलेला होता कीं अनेकांना सोंड दिसलीच नाहीं. दिसला तो जमिनीवरून लोळत येणारा काळा ढग. मर्फीझबरो ह्या एका गांवांत २३४ माणसें गेलीं. वेस्ट फ्रँकफर्ट येथें पुष्कळसे पुरुष कोळशाच्या खाणींत उतरलेले होते, म्हणून ते वांचले. ते वर आले तेव्हां घरें राहिलीं नव्हतीं. तेथील मृतांत बायका-मुलांचाच भरणा अधिक. ज्या कामाला जातांना घरच्यांनीं रोज काळजी करावी, तेंच त्या दिवशीं सुरक्षित ठरलें.

ही बंदी मोडली ती एका योगायोगानें. २० मार्च १९४८ च्या रात्रीं ओक्लाहोमांतील टिंकर ह्या हवाई तळावर पूर्वसूचनेशिवाय टॉर्नेडो आला आणि सुमारें एक कोटि डॉलरांचें नुकसान करून गेला. त्या रात्रीं अंदाजाच्या कामावर असलेला कॅप्टन मिलर फार खजील झाला. त्यानें आणि मेजर फॉबुश ह्यानें पुढचे कांहीं दिवस जुने नकाशे पालथे घातले. पांचव्या दिवशीं, २५ मार्चला, नकाशावर तीच लक्षणें उमटलीं. एकाच जागीं पांच दिवसांत दोन टॉर्नेडो, ही गोष्ट कोणाला खरी वाटणार? तरी त्यांनीं इशारा दिला. विमानें आंत घेतलीं, माणसें आसऱ्याला गेलीं, आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास टॉर्नेडो खरोखरच तळावर आला. १९५० मध्यें हवामानखात्याचे प्रमुख रायकेलडर्फर ह्यांनीं आपल्या कचेऱ्यांना लिहून कळविलें कीं हा शब्द वापरण्यास हरकत नाहीं.

शब्द मोकळा झाला. पण घरांतल्या माणसांना द्यावयाचा उपदेश अजून जुनाच होता. तळघराची पश्चिमेची भिंत किंवा नैऋत्य कोपरा गांठावा, असें फिनलीनें सांगितलें होतें. वादळ बहुधा नैऋत्येकडून येतें, तेव्हां घर ईशान्येकडे ढासळेल, हा तर्क. ऐकावयास तो बिनतोड आहे, आणि ऐंशीं वर्षें कुटुंबेंच्या कुटुंबें त्याच कोपऱ्यांत दाटीवाटीनें बसलीं. ८ जून १९६६ रोजीं टोपीका शहरांतून टॉर्नेडो गेल्यावर कॅन्सास विद्यापीठाच्या ईगलमन ह्यांनीं पडलेलीं घरें तपासलीं, तेव्हां दक्षिणेचा आणि नैऋत्येचा भागच अधिक धोक्याचा निघाला! आंतला हवेचा दाब घर फोडील म्हणून खिडक्या उघडाव्या, हाहि उपदेश तसाच खोटा; घर मोडतो तो वारा, आणि खिडकीशीं धांवण्यांत जीव वांचविण्याचीं मिनिटें मात्र जातात. १९७० च्या लबक शहरांतील टॉर्नेडोनंतर टेक्सस टेकच्या इंजिनियरांना आढळलें कीं सारें घर गेलें तरी मधलें न्हाणीघर किंवा कपड्यांची कोठडी पुष्कळदां उभी राहते. आतां तळघर नसलेल्या घरांना तेंच सांगतात: सर्वांत खालचा मजला, मधली बिनखिडकीची लहान खोली, पायांत जोडे, डोक्यावर शिरस्त्राण, आणि कोणीं कोणास उचलावयाचें हें आधींच ठरलेलें.

२२ मे २०११ रोजीं मिसूरीतील जॉप्लिन शहरांत शब्द कोणीं लपविला नव्हता. भोंगे वाजले, इशारा प्रसृत झाला. तरी १५८ माणसें गेलीं. मागाहून झालेल्या चौकशींत दिसून आलें कीं बहुतेकांनीं पहिल्या इशाऱ्यावर आसरा घेतला नव्हता. कोणी खरें-खोटें पाहण्यासाठीं दारांत येऊन आभाळ न्याहाळीत होतें, कोणी टेलिव्हिजन लावला होता, आणि कोणी भोंगा पुन्हां वाजण्याची वाट पाहात होतें.